पायरीवरची चंद्रव्वा

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत मल्लप्पा सावकारांच्या सुताच्या दुकानाला लागून एक जिना होता. वर चढणारा नव्हे, रस्त्यावरून थेट तळघरात उतरणारा. काळ्या दगडाच्या रुंद पायऱ्या, दोन्ही अंगांना भिंती, आणि सगळ्यात वरची पायरी रस्त्याच्या बरोबरीला. त्या पायरीच्या डाव्या कडेला चंद्रव्वा बसायची. पुढ्यात वेताची टोपली, टोपलीत पांढऱ्या फडक्याखाली कडक भाकऱ्या, मांडीशी शेंगाचटणीचा डबा आणि तेलाची बुधली. सकाळी गिरणीचा भोंगा होऊन गेला की ती यायची, पायरीवर पाणी शिंपडायची, हातानं पुसायची, दगडावर तेलाचे चार थेंब सोडायची आणि मग बूड टेकायची. तिच्या गावाकडे दारी आलेल्या माणसाच्या पावलाला उंबऱ्यावर तेल घालतात. चंद्रव्वा रोज स्वतःच्याच पावलाला घालायची. दुसरं कोण घालणार होतं?

काटकुळी बाई. कपाळाला विभूती, इरकली लुगड्याचा पदर कानामागे खोचलेला आणि तोंड कायम आंबट. खोटं कशाला लिहा, गोड बोलणं तिला येतच नव्हतं. गिऱ्हाइकानं भाकरी हातात घेऊन परत टोपलीत टाकली तर ती त्याच्या अंगावर धावून जाई. कुणी जास्तीची चटणी मागितली तर आधी त्याच्या आईचा उद्धार होई आणि मग चटणी मिळे. पण भाकरी अशी, की दाताखाली पापडासारखी वाजावी आणि आठवडाभर डब्यात राहिली तरी मऊ पडू नये. गिरणीतले लोक, हमाल, वसतिगृहातली कॉलेजची पोरं, सगळे शिव्या खात आणि भाकरी नेत.

ती मूळची अक्कलकोटच्या पलीकडची. घरात कानडी, बाजारात मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. नवरा निंगप्पा सावकारांच्या तळघरात सुताच्या गासड्या उतरवायचा. एका साली तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. गासडीला लावायचा त्याचा लोखंडी आकडा घरात राहिला होता. दुसऱ्याची वस्तू घरात ठेवायची नाही म्हणून चंद्रव्वा तो परत द्यायला दुकानात आली, आणि आकडा हातात धरून जिन्याच्या तोंडाशी नुसतीच उभी राहिली. मल्लप्पा सावकारांनी तिला पाहिलं आणि म्हणाले, "कूडव्वा." म्हणजे बस, बाई. ती बसली. पुढे काही दिवसांनी टोपली घेऊन आली आणि त्याच पायरीशी उभी राहिली. सावकार दुकानातून पुन्हा तेवढंच म्हणाले, आणि ती बसली ती बसलीच.

तिच्या हक्काचा कागद म्हणाल तर तो एवढाच. कायद्यानं बघायला गेलं तर पायरी सावकारांची, जिना सावकारांचा, बाईचा संबंध काय? पण चंद्रव्वाच्या मनात असला हिशेब कधी आलाच नाही. तिला बस म्हटलं होतं, ती बसली होती. एकुलती एक लेक शिवबाई वैरागला दिली होती. जावई दरवर्षी म्हणायचा, या की आमच्याकडं राहायला. चंद्रव्वा हो-हो म्हणायची आणि जायची नाही. जावयाच्या दारात बसून सुनेसारखं भांडी घासत म्हातारं व्हायचं, ह्या विचारानंच तिला कापरं भरायचं. पायरी होती म्हणून वैराग टळत होतं.

मल्लप्पा सावकार गेले आणि दुकान मुलाकडे, ईरप्पाकडे आलं. ईरप्पा बी. कॉम. झालेला, पांढरी बेलबॉटम घालणारा, आवाज कधी न चढवणारा मुलगा. त्याचा एकच दोष, आणि तो मोठा होता. त्याला कुणाला नकार देता यायचा नाही. नाही म्हणायची वेळ आली की तो दुसऱ्या दारानं निघून जायचा. लहानपणी ह्याच पायरीवर बसून त्यानं चंद्रव्वाची चटणी चाटली होती आणि पाठीत धपाटेही खाल्ले होते.

दुष्काळाची वर्षं सरली, हातात जरा पैसा खेळू लागला, तसं ईरप्पानं सुताचा व्यापार आटपता घेतला आणि तळघरात साड्यांचा शोरूम काढायचं ठरवलं. मुंबईला त्यानं एक दुकान पाहिलं होतं. तिथे जिन्यावर लाल कार्पेट होतं आणि बायका उंच टाचांच्या चपला घालून त्यावरून टाकटूक न करता खाली उतरत होत्या. ते त्याच्या डोळ्यांपुढून जाईना. सोलापूरच्या बायकांनी असं का उतरू नये? त्यानं पुण्याला कार्पेटची ऑर्डर दिली. बसवणारा माणूसही तिथूनच येणार होता. त्यानं आधीच कळवलं, की जिना तयार करून ठेवा. कार्पेट सोल्यूशननं चिकटवतात, तेव्हा दगड सपाट, कोरडा आणि स्वच्छ हवा.

हा जिना तर जन्मभर गासड्या अंगावर घेतलेला. पायऱ्यांच्या कोरा उडाल्या होत्या, मध्ये खळगे पडले होते. मायाप्पा गवंड्याला बोलावलं. मायाप्पानं वाकून बघितलं, हात फिरवला आणि काम सांगितलं. उंचवटे टाकीनं उडवायचे, खळगे सिमेंटनं भरायचे, पुढची कोर गोल करायची, नाहीतर धारदार कोरेवर कार्पेट फाटतं. मग घासायच्या दगडानं घासून सोड्याच्या पाण्यानं धुवायचं आणि वाळू द्यायचं. सगळं ठीक. पण ईरप्पा म्हणाला, काम खालून सुरू कर.

मायाप्पा बघतच राहिला. जिन्याचं काम कुणी खालून वर करतं का? वरची पायरी फोडली की चुरा पडणार खालच्या झालेल्या पायरीवर. ईरप्पा दुसरीकडे बघत म्हणाला, असू दे, पोती टाकून घे. मायाप्पानं वर पाहिलं. वरच्या पायरीवर चंद्रव्वा एका हमालाला फैलावर घेत होती. तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. मालकाला बाईला ऊठ म्हणता येत नव्हतं, म्हणून जिना उलटा चालणार होता.

आणि तसंच झालं. मायाप्पा तळाशी बसून ठोकायला लागला. एक पायरी झाली की वरच्या पायरीवर सरकायचा, खालच्या पायऱ्यांवर पोती पसरायचा, वर बघायचा आणि पुन्हा ठोकायचा. पहिल्या दिवशी चंद्रव्वाला गंमतच वाटली. दगडाला सतरंजी? मग भिंतीला गोधडी घाला म्हणावं. दुपारी तिनं मायाप्पाला भाकरी दिली आणि धूळ उडवतो म्हणून शिव्याही दिल्या. दुसऱ्या दिवशी आवाज जवळ आला. मग आणखी जवळ आला. एका दुपारी भाकरी मोडता मोडता तिनं विचारलं, हे कुठवर येणार?

मायाप्पा चटणीत बोट फिरवत राहिला. "अक्का," तो म्हणाला, "तुजी शेवटाला हाय."

तेवढ्यावर तिला कळायचं ते कळलं. त्या दिवशी ज्यानं भाकरी परत टोपलीत टाकली त्यालाही ती काही बोलली नाही. बिचारा घाबरून दोन भाकऱ्या घेऊन गेला.

समोर गंगम्माची पिठाची चक्की. गंगम्मा पिठानं पांढरी झालेली, पण कानानं तिखट. तिला सगळी खबर लागली. ती रस्ता ओलांडून आली आणि तिनं चंद्रव्वाला रीतसर शिकवणी दिली. ओरड, लोक गोळा कर, गिरणीतले सगळे तुझ्या बाजूनं उभे राहतील, असा कसा उठवतो बघू. चंद्रव्वानं ऐकून घेतलं आणि चक्कीत दळण जळतंय म्हणून तिला परत पाठवलं. भांडणाला ती भ्यायची असं नाही, तिचा अर्धा दिवस त्यातच जायचा. पण भांडायचं कशासाठी? पायरी तिची नव्हती हे तिलाही ठाऊक होतं. तिला वेगळंच काही खुपत होतं, आणि ते गंगम्माला सांगून कळणारं नव्हतं.

ती रोज येत राहिली. पाणी शिंपडलं, तेल सोडलं, बसली. शेजारी टाकीचे घाव. ईरप्पा मागच्या बोळातून दुकानात जायला लागला होता. अंगावर चढत आलेल्या त्या आवाजाकडे तिनं एकदाही मान वळवून पाहिलं नाही. रात्री खोलीवर जाऊन मात्र तिनं लुगडी घडी करून गाठोडं बांधून ठेवलं. जायचंच तर वैराग. दुसरीकडे कुठे?

शेवटी मायाप्पा तिच्या खालच्या पायरीवर येऊन पोचला. तीही झाली. आता तो सिमेंट कालवतोय असं दाखवत बसून राहिला. पुण्याचा माणूस दोन दिवसांत यायचा होता. ईरप्पानं बोळातल्या दारातून त्याला हाक मारली आणि हळूच म्हणाला, की तूच जरा सांग तिला. मायाप्पानं हात झटकले.

"शेट, मी दगुड फोडतो. माणूस उठवायचं काम माझं न्हाय."

तेव्हा ईरप्पाला पुढच्या दारानं यावं लागलं. तो चंद्रव्वासमोर रस्त्यावर उभा राहिला. हात खिशात घातले, काढले, परत घातले. मग बोलायला लागला. शोरूमविषयी बोलला, पुण्याच्या कार्पेटविषयी बोलला, हल्लीच्या गिऱ्हाइकाला काय लागतं त्याविषयी बोलला. ऊन फार झालंय म्हणाला. शिवबाई काय म्हणते, तिला जाऊन भेटून यावं, वैरागला हवा चांगली आहे, असंही म्हणाला. चंद्रव्वा त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याचं सगळं बोलून संपेपर्यंत तिनं टोपलीवरचं फडकं सारखं केलं.

"ईरण्णा," ती म्हणाली, "मी कुटं जायाचं ते माझं मी बगते. तुझ्या बापानं मला तोंडानं बसीवलं हितं. तू तोंडानं उठीव. ह्या मायाप्पाच्या टाकीनं नको."

ईरप्पाचे कान लाल झाले.

"अव्वा, तसं न्हाय गं."

"कसं हाय मग? रोज येक पायरी वर येतंय. मी काय उंदीर हाय व्हय, धूर करून भायेर काढाया? येक शबुद बोल. मी उठते."

चक्की थांबली होती. गंगम्मा दारात येऊन उभी होती, एक-दोन हमाल थबकले होते. ईरप्पानं खिशातून हात काढले. त्याला पळायला मागचं दार नव्हतं, रस्ता होता आणि समोर ती होती. मग त्यानं मान खाली घातली आणि बापाच्या भाषेत म्हणाला,

"एळव्वा."

ऊठ, बाई.

चंद्रव्वा उठली. गुडघे आखडले होते, म्हणून भिंतीला धरून उठली. ईरप्पा टोपली उचलायला वाकला तर तिनं त्याचा हात बाजूला सारला. टोपली डोक्यावर घेतली, डबा काखेत मारला, बुधली हातात धरली आणि गेली. रडली नाही. उलट तिचा चेहरा गेल्या कित्येक दिवसांत नव्हता इतका मोकळा दिसत होता. वाईट झालं होतं, पण सरळ झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ती वैरागला निघाली. आता ह्या बाईचं काय करावं? वैरागला जायचं ठरलेलं, गाठोडं बांधलेलं, तरी पहाटे उठून सवयीनं तिनं भाकऱ्या थापल्या होत्या. टोपलीभर. मग टाकायच्या कुठे, म्हणून गाठोड्यासोबत टोपलीही एस. टी. स्टँडवर घेऊन आली. गाडीला उशीर. शेजारी मोडनिंबकडची एक बाई लेकरं घेऊन बसली होती. लेकरं भुकेनं किरकिरत होती. तिनं टोपलीकडे बघून विचारलं, विकायच्या आहेत का? चंद्रव्वानं फडकं बाजूला केलं. त्या बाईच्या मागून कंडक्टर आला, कंडक्टरच्या मागून ड्रायव्हर आला, त्याच्या मागून हमाल. वैरागची गाडी लागली, भरली आणि सुटली. चंद्रव्वा त्या वेळी एका गृहस्थाला चटणी पुन्हा मागितल्याबद्दल त्याच्या आईचा पत्ता विचारत होती.

टोपली रिकामी झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, की गाडी गेली. ती जरा वेळ तशीच बसली. पुढची गाडी दुपारची होती. मग ती उठली आणि गाठोडं घेऊन पेठेची वाट चालू लागली. कुणी तिला बोलावलं नव्हतं, आणि कुणी बस म्हणेल याची वाट बघायचीही तिला आता इच्छा नव्हती.

चक्कीच्या बाजूला भिंतीला लागून एक बसका कट्टा होता. दळणाच्या बायका त्यावर डबे ठेवायच्या. चंद्रव्वा त्यापुढे उभी राहिली. आयुष्यात तिनं कुणाकडे काही मागितलं नव्हतं. त्यामुळे मागायला गेली ती भांडायला गेल्यासारखीच.

"गंगम्मा, मी हितं बसू का?"

"बस की," गंगम्मा आतून ओरडली. "इचारतीस काय? पीठ उडंल भाकरीवर, मग मला शिव्या द्याच्या न्हाईत."

"देनार की," चंद्रव्वा म्हणाली आणि गाठोडं टेकवलं.

इकडे जिन्यावर निराळीच तऱ्हा. मायाप्पानं वरच्या पायरीला टाकी लावली तर दगड तेलानं भरलेला. वर्षानुवर्षांचे थेंब, चटणीचं तेल, बुधलीचं गळणं, सगळं त्या दगडानं पिऊन ठेवलं होतं. सोड्यानं घासलं, दगड स्वच्छ दिसला. दुपारचं ऊन पडलं आणि तेल पुन्हा वर आलं. सिमेंटचा थर दिला, तो पापुद्र्यासारखा निघाला. पुण्याचा माणूस आला, त्यानं बोट लावून बघितलं, वास घेतला आणि म्हणाला, इथे सोल्यूशन धरणार नाही, आठ दिवसांत सुटेल आणि कुणीतरी पाय अडकून पडेल. त्यानं दुसऱ्या पायरीपासून कार्पेट सुरू केलं. लालभडक कार्पेट खालपर्यंत सुरेख बसलं. वरची पायरी तेवढी काळी, उघडी राहिली.

उद्‌घाटनाला पेठेतल्या बायका आल्या. ईरप्पा दारात हात जोडून उभा. पहिलीच बाई वरच्या पायरीवर आली, लाल कार्पेट बघितलं आणि तिनं चपला काढल्या. ईरप्पा म्हणाला, अहो, चपलांसकटच या. ती म्हणाली, इश्श, एवढ्या चांगल्यावर? तिच्या मागचीनं काढल्या. तिच्याही मागचीनं काढल्या. ईरप्पा प्रत्येकीला सांगत राहिला, आणि प्रत्येक बाई हसून चपला काढत राहिली. कलेक्टर ऑफिसातल्या एक बाई खरोखरच्या उंच टाचा घालून आल्या. त्यांनी आधीचा ढीग बघितला आणि त्याही मुकाट्यानं वाकल्या. ईरप्पाची स्वतःची आई अनवाणी उतरली आणि वर मुलालाच म्हणाली, तूही काढ, बूट घालून कुठं निघालास? संध्याकाळपर्यंत वरच्या पायरीवर चपलांचा असा ढिगारा झाला, की आपली जोडी शोधताना दोघींचं भांडण लागलं.

हे सगळं चंद्रव्वानं समोरच्या कट्ट्यावरून बघितलं. आणि ती हसली. गंगम्मानं मोठ्यानं सांगितलं, की चंद्रव्वाचे दात मी आज पहिल्यांदा मोजले.

पुढे चार-सहा दिवसांनी ईरप्पा रस्ता ओलांडून आला. या खेपेला तो हवापाण्यावर बोलला नाही. वरची पायरी तशीच मोकळी आहे, त्यावर काही बसवता येत नाही, तू परत ये, असं त्यानं सरळच सांगितलं. एवढं बोलणं त्याला आलं, हे चंद्रव्वाला बरं वाटलं. पण तिनं मान हलवली.

"तितं चपला असत्यात, ईरण्णा. मी खायाचा जिन्नस इकते."

"चपला मी दुसरीकडं ठेवतो की."

"कुटं ठेवशील? बाया तितंच काढनार. ऱ्हाऊ दे. हितं बरं हाय मला." तिनं कट्ट्यावर हात मारला, पीठ उडालं. "हितं मी इचारून बसले."

ईरप्पा जायला वळला. ती म्हणाली, सकाळपासून काही खाल्लं नसशील, तोंड बघ कसं झालंय. तिनं डबा सरकवून कट्ट्यावर जागा केली. पांढऱ्या बेलबॉटमकडे एकदा बघून ईरप्पा पिठात बसला. तिनं भाकरी मोडली, वर चटणी घातली, चटणीवर तेल घातलं आणि त्याच्या हातात दिली. त्यानं थोडी चटणी आणखी मागितली. मग त्याच्या आईबद्दल त्याला जे ऐकावं लागलं, ते अख्ख्या पेठेनं ऐकलं.